चारशे बारा नंबरचा बिल्ला

मिल बंद पडल्यावर एक काका आमच्या कम्प्युटर क्लासमध्ये आले. खिशाला अजूनही मिलचा पितळी बिल्ला, नंबर चारशे बारा. माउसला आधी नमस्कार करायचे, मग हात लावायचे.

डेटाबेसच्या पहिल्याच धड्याला सर म्हणाले, "माणूस नावानं ओळखायचा नाही. एका नावाचे दोघे निघतात. प्रत्येकाला वेगळा नंबर द्यायचा."

"दोघे? मिलमध्ये आमच्या खात्यात सात निघाले होते, भिया! एकाची छुट्टी दुसराच मारायचा. म्हणून तर बिल्ले आले."

"आणि माणूस गेला तरी त्याचा नंबर दुसऱ्याला द्यायचा नाही."

काकांनी बिल्ला बाहीनं पुसला. "म्हणजे मिल गेली, तरी चारशे बारा मीच!"

त्यांचं नाव मी कधी विचारलंच नाही. पोलोग्राउंडच्या टपरीवर दिसले की मी ओरडतो, "चारशे बारा!"

ते चहाचा ग्लास ठेवून उभे राहतात. "हाजिर!"