दादानं नेमलेला दाता

घरातलं शेंडेफळ चाळिशीला टेकलं, चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासू लागलं, तरी त्याचं शेंडेफळपण काही सुटलं नाही. शाळा कुठली, नोकरी कुठली, मिशी ठेवायची की उडवायची, सगळं थोरला दादा ठरवणार. यानं फक्त मान डोलवायची.

मग दादालाच रक्ताचा कॅन्सर झाला. डॉक्टरबाई म्हणाल्या, दुसऱ्या कुणाच्या मूळपेशी घालाव्या लागतील, आधी सख्ख्या भावंडांची तपासणी करू, बघू कोण जुळतंय. दादा कसला थांबतोय! त्यानं पडल्यापडल्या ताईला नेमून टाकलं. का, तर नाक सेम, रक्तगट सेम, आणि स्वभाव तर विचारूच नका. ताईनं लगेच रजाही टाकली.

रिपोर्ट आला. ताई निम्मीच जुळली. नाक त्यात धरतच नाहीत म्हणे, आणि रक्तगटावरही काही अडत नाही. दहापैकी दहा जुळलं ते शेंडेफळ! दादानं कागद दोनदा वाचला, "अदलाबदल तर झाली नाही ना?" असं विचारून घेतलं आणि मग फोन लावला.

"सोमवारी नऊला पोच. खाऊन ये. आणि तिथं घाबरटपणा नकोय." झालं, ठेवला फोन.

शेंडेफळाला सुई नुसती दिसली तरी घाम फुटायचा. सोमवारी आला तो पांढराफटक होऊनच. डॉक्टरबाईंनी त्याला एकट्याला आत घेऊन दार लावलं. काही दिवस इंजेक्शनं, हाडं ठणकतील, मग दोन्ही हातांत सुया घालून चार-पाच तास यंत्राशेजारी पडून राहायचं, सगळं नीट सांगितलं.

"आता तुमची इच्छा आहे का ते सांगा. नसेल तर आम्ही बाहेर एवढंच म्हणू की हा दाता चालणार नाही. खरं कारण दादांनाही कळणार नाही. पण औषधांनी त्यांच्या स्वतःच्या मूळपेशी मारून टाकल्यावर तुम्ही मागं फिरलात, तर ते वाचणार नाहीत."

बाहेर चाकाच्या खुर्चीतून दादाचा आवाज आला, "अजून काय करतोय हा?"

आयुष्यभराचं उट्टं काढायला याहून सोयीची खोली मिळाली नसती. पण शेंडेफळाचे डोळेच भरून आले.

"डॉक्टर, पुन्हा एकदा विचाराल का?"

"काय?"

"तेच. माझी इच्छा आहे का ते."

बाईंनी पुन्हा विचारलं, सावकाश.

"आहे," तो म्हणाला. "आणि हे मी म्हणालो, दादा नाही, असं लिहा तिथं."