ताईंचा संशय आणि शेठजींचं बोट

नवीन जालन्यातल्या बियाणे कंपनीत मी रुजू झालो, तेव्हा खुद्द शेठजींनीच शांताताई साळवे यांच्याशी माझी ओळख करून दिली. तरीही ताईंनी माझं ओळखपत्र मागितलं, फोटोकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहिलं आणि मगच पासवर्ड दिला. मीही स्वभावाने संशयीच, त्यामुळे आमचं तिथेच जमलं.

ताई कंपनीची वेबसाइट सांभाळतात. एका हंगामात अंबडकडच्या बड्या वितरकांचा शेठजींना फोन आला, "तुमचं बुकिंगचं पान आमच्या वेबसाइटमध्ये न्हाई दिसून राह्यलं. नुसती पांढरी चौकट येती." ताईंनी ब्राउझर बदलून पाहिला, फोन बदलून पाहिला. एरवी पान बराबर उघडत होतं. फक्त दुसऱ्याच्या वेबसाइटमधल्या चौकटीत यायला नकार देत होतं. तो बंदोबस्त ताईंनीच केलेला होता.

"मंग काढून टाका की! संध्याकाळपर्यंत पान दिसलं न्हाई, तर उद्यापासून येऊ नका," शेठजी कडाडले. ताईंच्या घरात कमावत्या त्या एकट्याच. मला शेठजींचा भयंकर राग आला.

ताईंना मात्र वेगळीच शंका. त्यांनी वितरकांच्या पानाची हुबेहूब नक्कल केली, तीत आमच्या बुकिंगच्या पानाची बंदोबस्त काढलेली नक्कल बसवली आणि शेठजींना बोलावलं. समोर 'आजचा भाव पाहा' एवढंच बटण होतं. शेठजींनी ते दाबलं आणि बुकिंगच्या पानावर त्यांचं लॉगिन आधीच चालू असल्याने त्यांच्या नावावर बियाण्याची ऑर्डर पक्की झाली.

"अहो, मी तर भाव पाह्यला!"

"उद्या धावड्यासारख्या गावचा दुकानदारबी हेच म्हणंल," ताई म्हणाल्या. "वितरकांच्या पानात आपलं बुकिंगचं पान पारदर्शक करून त्या बटणावर पसरलंय. दिसत न्हाई, पण बोट त्याच्यावरच पडतं."

ही चूक होती की लबाडी, याचा खुलासा वितरकांनी आजवर केलेला नाही. माझं मत मी राखून ठेवतो. शेठजी बराच वेळ आपल्या बोटाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "ताई, उद्या जरा जल्दी या. बाकीची पानंबी बघून घ्या."

हाच संशय माणसांच्याही कामी येतो. एकदा आजारपणात मी फोनवर "बरा आहे" म्हणालो. ताईंना ते पटलं नाही. त्या घरी आल्या, मला दवाखान्यात घेऊन गेल्या आणि न्यूमोनिया निघाला.

आता ताईंची साठी झाली. तब्येत विचारली की त्या "बिलकुल ठीक" म्हणतात. माझा विश्वास नाही. त्यांनी सगळ्या तपासण्या करून घ्याव्यात. कारण शेठजी आजही कुठलंही बटण दाबण्याआधी केबिनमधून हाक मारतात, "ताई, दाबू का?" त्यावर "थांबा, आधी मी बघते" असं म्हणायला ताईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो.