वाढत्या अंगाचं टोपडं

आमच्या तासगाव भागात गेल्या कित्येक वर्षांत एकही मूल स्वतःच्या मापाचं झबलं घालून मोठं झालेलं नाही, आणि याला सर्वस्वी माझ्या बायकोचे मामा जबाबदार आहेत. कुणाच्या घरी पाळणा हलला की मामांच्या हातचं झबलं-टोपडं तिथं पोचतंच. त्यासाठी नातं लागत नाही. एसटीत शेजारी बसून झालेली ओळखही पुरते. ते झबलं बाळाच्या गळ्यात घातलं की बाळ दिसेनासं होतं. बाह्या हातापुढे वीतभर लोंबतात, खालचा घेर पाळण्याबाहेर येतो, आणि टोपडं नाकापर्यंत उतरून बाळाला भरदुपारी अंधार पडल्यासारखं वाटतं. आया ते कौतुकानं घेतात आणि जपून पेटीत ठेवतात. पुढं मूल अंगणात मातीत लोळायला लागलं की एखाद्या दिवशी ते झबलं त्याला अगदी बरोबर बसतं. तोवर त्याचं झबल्याचं वय निघून गेलेलं असतं.

मामा लष्करात शिंपी होते. सुटीवर घरी आले तरी शिलाईचीच स्वप्नं पडायची म्हणतात. निवृत्त होऊन आले, द्राक्षाच्या बागेकडं तोंड करून ओसरीवर मशीन मांडलं, आणि मापाची टेप घेऊन सरळ बागेत गेले. एका वेलीची फांदी सुटली होती, ती त्या टेपनं तारेला बांधून टाकली. मी लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्या बागेत गेलो तेव्हा पानांच्या आड त्या पिवळ्या टेपवरचे आकडे बघून थबकलो. शिरवळच्या कारखान्यात मी तपासणी खात्यात आहे. दिवसभर सुटे भाग मापात आहेत की नाहीत हेच बघतो. त्यामुळं मला ते जरा लागलंच.

"जावयबापू," मामा म्हणाले, "जल्मभर इंचाइंचानं शिवलं. सायबाचं पोट सुटलं तरी बोलणी मला. आता माप नगं. आन् पोराचं कसलं माप घेताय? आज घेतलं तर उद्या ते खोटं. ते काय तितंच थांबणार हाय व्हय?"

आतून मामी म्हणाल्या, "आवं, पर तवर त्या लेकरानं काय तंबूत ऱ्हायाचं?"

मामांनी ऐकलं नाही. बाळाच्या कपड्यांबद्दल कुणी काही विरोधात बोललं की त्यांना ऐकू येत नाही.

आपल्याकडं नव्या जिवाला नवं कोरं कापड लगेच घालत नाहीत. धुऊन धुऊन मऊ झालेलं जुनं धोतर नाहीतर लुगडं लागतं, आणि तेही धडधाकट, पिकल्या माणसानं वापरलेलं असेल तर उत्तम. हे कापड मिळवण्यासाठी मामांना कुठलंही ठिकाण वर्ज्य नाही. आमच्याच लग्नाच्या पंगतीत त्यांच्या शेजारी एक नव्वदीचे आजोबा जेवायला बसले होते. मामांनी जिलेबीचा हात धुतला, पुसला, आणि आजोबांच्या धोतराचा सोगा दोन बोटांत धरून डोळे मिटून चोळत बसले. चेहऱ्यावर अशी तंद्री की वाढपी भाताची परात घेऊन तिष्ठत राहिला.

"आजोबा, ह्ये कवा जुनं करणार?" मामांनी अगदी हळू विचारलं.

"माज्यावर टपलाईस व्हय रं?" आजोबा ओरडले. सगळी पंगत थांबली. मामांनी समजावलं की तसं नव्हं, झबली लय मऊ होतील. आजोबा पुटपुटत उठून गेले. पण पुढच्याच आठवड्यात त्यांचा नातू दोन धोतरं घरी देऊन गेला. सोबत निरोप होता, अजून एक वापरात आहे, त्याची घाई करू नये.

हे कापड धुतलं की मामा ते उन्हात घालत नाहीत. ऊन कापडाला खरखरीत करतं असं त्यांचं मत. ते वाळतं बेदाण्याच्या शेडमध्ये. ज्यांनी ती शेड बघितली नाही त्यांना सांगतो, चारी बाजूंनी हिरवी जाळी, आत थरावर थर जाळ्यांचे कप्पे, त्यावर पसरलेली द्राक्षं, आणि सगळीकडून शिरणारा वारा. आतला उजेड पाण्याखाली असावा तसा हिरवा असतो. त्या उजेडात वरच्या तारेवर ओळीनं झबली टांगलेली असतात. वारा आला की ती फुगतात, हात पसरतात, पाय नसलेली लहान लहान माणसं एकमेकांशी काही बोलत असल्यासारखी डोलतात. मी तिथं एकदा कितीतरी वेळ उभा होतो. मामा शेजारी येऊन म्हणाले, "ही सगळी अजून यायची हाईत." मला क्षणभर खरंच वाटलं की कुठूनतरी वाटेनं मुलांची एक रांग चालत येते आहे.

बाळाच्या झबल्याला खिसा असतो हे मी मामांकडंच बघितलं. "खिसा न्हाई तर माणसानं हात कुटं घालायचा?" आणि रिकामा खिसा द्यायचा नाही म्हणून त्यात ते मूठभर बेदाणे घालतात. कुंडलला एका बारशात हे बेदाणे काढायचे राहून गेले. नाव ठेवायची वेळ येतेय तोवर पाळण्याच्या दोरीवरून मुंग्यांची सरळ रेघ खाली येत होती. आत्या कानात नाव सांगायचं सोडून किंचाळली. बाळ मात्र बेदाण्याच्या वासात शांत झोपलेलं होतं. मामांनी मुंग्या फुंकरीनं उडवल्या आणि म्हणाले, "बगा, खिशाचा उपेग झाला का न्हाई? पैल्याच दिवशी पावनं आलं."

दुकानातल्या कपड्यांशी त्यांचं वैर आहे. सांगलीच्या एका मोठ्या दुकानात मी त्यांना घेऊन गेलो होतो. तिथं ते एक गुलाबी कपडा हातात घेऊन त्यावरची चिठ्ठी मोठ्यानं वाचत राहिले. शून्य ते तीन महिने. "आन् चौथ्या म्हैन्यात पोरानं काय उगडं फिरायचं?" त्यांनी विचारलं. दुकानातली मुलगी म्हणाली, "आजोबा, मग पुढचा साइज घ्यायचा." मामांनी तिच्याकडं इतक्या दुःखानं पाहिलं की तिनं त्यांना पाणी आणून दिलं.

माझ्या लग्नात अक्षता पडून झाल्यावर सगळे आशीर्वाद देत होते तेव्हा मामा माझं डोकं निरखत होते. "जावयबापूंचं डोस्कं थोरलं हाय," ते मामींना म्हणाले, "टोपडं सैल घ्याय पायजे." मामींनी त्यांना चिमटा काढला. माझी बायको मुंडावळ्यांच्या आड हसली. आमच्या घरात पदवीपर्यंत शिकलेला मी पहिलाच. बायकोच्या माहेरी मोठी बाग, आमच्याकडं फक्त माझं प्रमाणपत्र. त्या मांडवात मी अवघडून बसलो होतो. माझ्यात भविष्यकाळ बघणारे मामा तिथं एकटेच होते. त्या माणसाबद्दल मला तेव्हापासून माया आहे.

बाहेरच्यांसाठी झबली आधीच शिवून टांगलेली असायची, पण घरच्या मुलाबाबत त्यांचा एक नेम पक्का. मूल जन्मल्याशिवाय त्याच्या नावानं कापडाला कात्री लावायची नाही. बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली तेव्हा मामा रोज कापड काढायचे, चोळायचे, परत घडी घालून ठेवायचे. अजून पुष्कळ अवकाश आहे असं सगळेच धरून होते. आणि मला कारखान्यात फोन आला की मुलगी झाली आहे, फार लवकर झाली आहे, सांगलीच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवली आहे.

एसटीतून उतरून मी पोचलो तेव्हा दारात मामा-मामी उभे होते. मामांच्या हातात पिशवी. बातमी कळल्याबरोबर शिवून, एक नेहमीचं टोपडं घेऊन ते आले होते. आत काचेमागं माझी मुलगी होती. मी तिचं वर्णन करत नाही. तिचा हात माझ्या अंगठ्याएवढा होता, एवढंच सांगतो. सिस्टर बाहेर आल्या, त्यांनी टोपडं हातात घेतलं आणि थकलेलं हसल्या.

"आजोबा, यात अख्खं बाळ मावेल. डोकं मोसंबीएवढं आहे तिचं. अगदी मापाचं पाहिजे, ऊब निसटायला नको. लगेच आणा."

मामांनी टोपडं परत पिशवीत घातलं. दवाखान्यासमोरच्या गल्लीत एका चाचांचं शिलाईचं दुकान होतं. आम्ही कशासाठी आलोय ऐकल्यावर ते मशीनवरून उठलेच. "बसा मामा. मशीन तुमचीच समजा. माप काय?"

माप कुणालाच सांगता येईना. मामींनी माझ्या बायकोसाठी आणलेल्या फळांच्या पिशवीत हात घातला आणि एक मोसंबं काढून मशीनवर ठेवलं. "ह्ये घ्या माप."

मामांनी कात्री उचलली. पिशवीतून आणलेल्या धोतराच्या कापडावर टेकवली. तशीच राहिली. चाचांनी डोळ्यांनी मला विचारलं, मलाही कारण ठाऊक नव्हतं. तेव्हा मामी मला हळूच सांगू लागल्या. त्यांचा मुलगा झाला तेव्हा मामा दूर सीमेवर होते. पत्रातून माप मागवून त्यांनी पहिलं झबलं शिवलं होतं, अगदी टाचणीच्या टोकाइतकंसुद्धा चुकू न देता. सुटी लांबत गेली. ते झबलं घेऊन घरी आले तेव्हा मुलगा उंबरा ओलांडून चालत होता. झबलं डोक्यातूनसुद्धा गेलं नाही. "त्या दिसापास्नं मापाचं नाव काढलं की असं करत्यात," मामी म्हणाल्या. मग आवाज चढवून, "आवं, मापानं शिवलं म्हंजी पोर तेवढीच ऱ्हाती व्हय? ती गारठतीया तिकडं!"

मामांनी मोसंबं हातात घेतलं. बराच वेळ ते तळहातावर तोलत राहिले.

"मापाचं शिवतो," ते म्हणाले. "पर कापड कापणार न्हाई."

आणि त्यांनी तसंच केलं. टोपड्याला लागणाऱ्या कापडाच्या कितीतरी पट कापड घेतलं आणि ते सगळं आत दुमडत गेले. एक दुमड, तिच्यावर कच्ची टीप, पुन्हा दुमड, पुन्हा टीप. बाहेरून मुठीएवढं टोपडं आणि पोटात सगळं वाढायचं कापड. मग ते मोसंब्याला घालून नाड्या बांधल्या. आम्ही चौघं त्या टोपडं घातलेल्या मोसंब्याकडं बघत बसलो. बाहेर रिक्षा जात होत्या, कुणीतरी भांडत होतं, पण दुकानात अगदी पाळण्याशेजारी असते तशी शांतता होती.

"माशाल्ला," चाचा म्हणाले, "गोड दिसतंय."

सिस्टरनी टोपडं दाबून पाहिलं. "जाड झालंय. पण चालेल, ऊब धरेल." काचेमागं ते माझ्या मुलीच्या डोक्यावर बसलं. बरोबर बसलं.

त्यानंतर मामा रोज सकाळच्या एसटीनं यायचे. डॉक्टरांना काही विचारायचे नाहीत. मी वजन विचारायचो, औषधं विचारायचो, कळलेलं आणि न कळलेलं बायकोला समजावायचो. मामा काचेला कपाळ टेकून फक्त टोपड्याकडं बघायचे. डोळे अर्धवट मिटलेले, ओठ हलताहेत की नाही असे. "कानापास्नं जरा वर सरकल्यागत वाटतंय," एक दिवस म्हणाले. मला काहीच सरकलेलं दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मधे एक वाईट दिवस आला, त्या दिवशी ते काचेकडं गेलेच नाहीत. माझ्या बायकोचा हात धरून बाकावर बसून राहिले.

मग एका दुपारी सिस्टर टोपडं हातात घेऊनच बाहेर आल्या. "आजोबा, घट्ट व्हायला लागलंय. दुसरं आणता?"

मामा उभेच राहिले. मग खाली बसले, खिशातून सुई काढली आणि सगळ्यात वरची टीप उसवायला लागले. दोरा निघत नव्हता, कारण त्यांना नीट दिसत नव्हतं. बायकोनं त्यांच्या हातातून टोपडं घेतलं आणि दातांनी दोरा तोडला. एक दुमड सुटली. कापड बोटभर खाली आलं.

"हेच घाला," ती सिस्टरना म्हणाली.

मुलगी घरी आली. तासगावला बायकोच्या माहेरी ती महिनोन्महिने राहिली, आणि मामा आठवड्याच्या बाजारादिवशी यायचे, चहा घ्यायचे, टोपडं मागायचे. एखाद्या आठवड्यात नुसतं बघून परत द्यायचे, एखाद्या आठवड्यात एक दुमड सोडायचे. ती त्यांच्या मांडीवर पडून त्यांच्या मिशा ओढायची. कधी दोघंही तसेच झोपी जायचे, मामांच्या बोटांत सुई तशीच. मामी येऊन सुई काढून घ्यायच्या.

मागच्या महिन्यात आम्ही शिरवळहून गेलो तेव्हा मुलगी शेडमध्ये बेदाण्याच्या जाळ्यांखालून पळत होती. मामांनी तिला धरून टोपडं घातलं आणि शेवटची दुमड सोडली. आत आता काही उरलं नव्हतं. कापड सरळ होतं, नुसत्या जुन्या टिपांच्या रेघा एकाखाली एक दिसत होत्या. त्या धुतल्या तरी जात नाहीत. मुलीनं टोपडं डोक्यावरून ओढून काढलं, त्यांच्या हातात दिलं आणि पळाली.

मामा ते हातात धरून उभे राहिले. हिरव्या उजेडात ती लांब जाईपर्यंत बघत होते.

"मामा, दुसरं शिवायचं का?" मी विचारलं.

"न्हाई," ते म्हणाले. "आता तिला टोपडं नगं, जावयबापू." मग टोपड्याची घडी घातली, परत उलगडली, आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "पर लय लवकर झाली की हो मोटी."