भाऊजी डाव तपासतात

बुद्धिबळात इतकी वर्षं, इतक्या मनापासून आणि इतक्या नियमितपणे हरणारा माणूस मुलुंडात सोडाच, पार कर्जतपर्यंत शोधलात तरी माझ्या धाकट्या दिरांखेरीज दुसरा सापडायचा नाही. आणि अशा माणसाचा एक मांडलेला डाव मोडायचं पुण्य माझ्या पदरी आहे. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मी स्वतःला भलतीच टापटिपीची समजायची. सासरचं घर म्हणजे आपल्याला सुधारायला दिलेली वस्तू, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. पहिल्याच आठवड्यात खिडकीजवळच्या स्टुलावर बुद्धिबळाचा पट दिसला. सोंगट्या कुठेही कशाही उभ्या, निम्म्या तर डब्यातच पडलेल्या. म्हटलं, काय हा गबाळेपणा! ओल्या फडक्याने पट पुसला, डब्यातल्या सोंगट्या बाहेर काढल्या आणि पांढऱ्या इकडे, काळ्या तिकडे, हळदीकुंकवाच्या बायका बसवाव्यात तशा ओळीने बसवल्या. संध्याकाळी भाऊजी कामावरून आले आणि पटासमोर उभेच राहिले. तो डाव ते कित्येक दिवस तपासत होते, हे मला तेव्हा कळलं. आता हा माणूस ओरडणार म्हणून मी पदर खोचून तयार. तर ते नुसतं म्हणाले, "कमाल केलीस, वहिनी. मेलेलेसुद्धा परत आले."

'तपासणं' हा त्यांचा खास शब्द. डाव हरला की चारचौघं चहा पितात, समोरच्याचं नशीब जोरावर होतं म्हणतात आणि विसरतात. भाऊजी घरी येतात, हातपाय धुतात, पट मांडतात आणि पहिल्या चालीपासून अख्खा डाव पुन्हा खेळतात, दोन्ही बाजूंनी, एकट्याने. आपलं नेमकं कुठे चुकलं ते सापडेपर्यंत जेवायला उठत नाहीत. मग एकदम "सापडली!" अशी आरोळी येते. नवी असताना मला वाटायचं, कुणाची तरी हरवलेली अंगठी सापडली. मी धावत बाहेर यायची. सापडलेली असायची चूक. आणि चेहऱ्यावर असा आनंद, की जिंकलेल्यालाही हेवा वाटावा. आमचे हे एकदा वैतागून म्हणाले, "अरे, इतक्या वर्षांत तुझ्याकडे चुकांचा साठा झाला असेल. थोड्या समोरच्यालाही दे ना!"

घोडचूक हा शब्द बुद्धिबळवाल्यांनीच काढला, असं भाऊजी छातीठोकपणे सांगतात, कारण त्यांच्या बहुतेक चुका घोड्याच्याच असतात. अडीच घरं जाणारा तो प्राणी त्यांच्या हातात आला की दावं तोडल्यासारखा भलत्याच गोठ्यात शिरतो. हल्ली माझ्या नातीने त्यांच्या मोबाइलमध्ये डाव तपासणारं काहीतरी घालून दिलंय. ते दोन सेकंदांत सगळ्या चुका लाल करून दाखवतं. भाऊजींनी ते एकदाच वापरलं. नात म्हणाली, "आजोबा, झकास आहे ना?" तर म्हणतात, "झकास आहे गं, पण आपली चूक आपल्या आधी दुसऱ्याने शोधली की मजा काय राहिली?"

ही खोड पटापुरती राहिली असती तर मी काही बोलले नसते. पण बाजारात गेले तरी भाऊजी तिथेही तपासत बसतात. एकदा पापलेट हातात घेऊन इतका वेळ उलटसुलट बघत राहिले, की कोळीण म्हणाली, "अरे भाऊ, म्हावरं घेतोस का त्याच्याशी लगीन करतोस?" माझी आमटी बिघडली तर ती खारट झाली असं नाही म्हणणार, फोडणीपासून एकेक पायरी विचारत येतील आणि म्हणतील, "कोकम टाकलंस तिथपर्यंत तू जिंकत होतीस." लग्न मात्र त्यांनी केलं नाही. का, म्हणून मी एकदा चेष्टेत विचारलं. पटावरून नजर न काढता म्हणाले, "चाल चांगली होती, वहिनी. मी विचार करत बसलो, वेळ संपली." त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

आमच्याकडे ज्येष्ठ नागरिकांच्या स्पर्धा होतात. भाऊजी दरवर्षी नाव देतात, आणि आजवर त्यांनी तिथे एकही डाव जिंकलेला नव्हता. बक्षीस नको, चषक नको. एक डाव जिंकायचा, एवढीच त्यांची इच्छा. गेल्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, हातपाय थोडे थकले, आणि यंदा आपण होऊन म्हणाले, "वहिनी, चल बघायला. पुढच्या वर्षी जमेलच असं नाही." मग मी कोंबडी-वड्यांची तयारी करून ठेवली आणि गेले.

समोर एक निवृत्त मास्तर होते, भाऊजींहूनही वयस्कर. त्यांच्या हाताला कंप होता. मी भाऊजींच्या मागच्या खुर्चीवर. इतक्या वर्षांत ऐकून ऐकून मलाही खेळ कळतो, आणि त्या दिवशी भाऊजी चक्क जिंकत होते. त्यांनी हत्तीने शह दिला. मास्तरांना राजा वाचवायला उंट मध्ये घालायचा होता. त्यांनी हात पुढे केला, हात थरथरला, आणि बोटं शेजारच्या वजिराला लागली. आता नियम असा, की ज्या सोंगटीला हात लावला तीच चालवायची; नुसती नीट करायची असेल तर आधी तसं सांगायचं. वजीर मध्ये आला असता तर फुकट गेला असता, आणि त्याच्यामागून डावही. मास्तर गोरेमोरे झाले. पंचांना लांबून काहीतरी दिसलं असावं, ते आले आणि त्यांनी भाऊजींना विचारलं, "वजिराला हात लागला का यांचा?"

भाऊजींनी मास्तरांच्या हाताकडे बघितलं. मग म्हणाले, "वजीर वाकडा झाला होता. मीच म्हटलं त्यांना, नीट करा."

पंच गेले. मास्तरांनी निमूटपणे उंट मध्ये घातला. पुढे भाऊजींचा घोडा नेहमीप्रमाणे उधळला आणि डाव गेला. मास्तरांनी उठताना त्यांचा हात दोन्ही हातांत धरला.

रिक्षात मी धडाधड सुरू झाले. "भाऊजी, मी डोळ्यांनी बघितलंय! हात लागला होता! जन्मात पहिल्यांदा जिंकत होतात, आणि स्वतःच्या तोंडाने वाट लावलीत. खोटं कधी बोलत नाही ना तुम्ही? मग आजच बरं सुचलं!" ते बाहेर बघत होते. इतकंच म्हणाले, "कोंबडी केलीयस ना? हरलेल्यांना मिळते का?"

घरी येऊन हातपाय धुतले, पट मांडला. त्या दिवशी पहिल्यांदाच मी जेवणाचा आग्रह न करता समोर स्टूल ओढून बसले. एकेक चाल ते सावकाश लावत होते, इथे असं, तिथे तसं, मला समजावत. हत्तीचा शह आला. मास्तरांचा उंट मध्ये आला, आणि भाऊजींचा हात न थांबता पुढच्या सोंगटीकडे गेला. मी पटावर बोट ठेवलं. म्हटलं, "थांबा. इथे चुकलात. हे तपासा आधी."

त्यांनी माझं बोट हलकेच बाजूला केलं.

"ही चाल तपासायची नसते, वहिनी. पुढची लाव."