मोठ्या आईने तोडलेला ताण

ताणाच्या दिवसांत मोठी आई बगिच्यात कोणाला चूळसुद्धा भरू देत नसे. आमरसाचे हात धुवायचे असतील तर आधी धुऱ्यापलीकडे, म्हणजे शेताच्या बांधापलीकडे, जायचं आणि मगच तांब्या वाकडा करायचा. एकदा घरच्या नव्या जावयाने उरलेलं पाणी सहज झाडाच्या बुडाशी ओतलं. मोठ्या आईने सगळ्यांदेखत ऐकवलं, "जावईबापू, तुमचे पाय आम्ही धुतले, आता आमची झाडं तुम्ही नका धुऊ." बिचारा पुढे चार दिवस पाणी प्यायलासुद्धा ओसरीत बसूनच.

मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. वस्ती तिला नुसतं 'बाई' म्हणायची. रामाकोना गावाच्या पुढे तिचा संत्र्याचा बगिचा होता. एका अंगाला जंगल, दुसऱ्या अंगाला वस्ती आणि मधे तिची झाडं. मोठे बाबा गेल्यावर नागपूरच्या व्यापाऱ्यापासून विहिरीवरच्या मोटरपर्यंत सगळ्यांशी तिनेच भांडण मांडलं आणि बहुतेक जिंकलं. मी पांढुर्ण्याला शाळेत शिकवते. उन्हाळ्याची सुट्टी लागली की सौंसरला बस बदलून तिच्याकडे जायची.

ज्यांच्या घरी संत्रा नाही, त्यांच्यासाठी ताण म्हणजे काय ते सांगते. मृगाचा बहार हवा असेल तर उन्हाळ्यात झाडांचं पाणी तोडावं लागतं. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, गळतात. मग मृगाचा पाऊस आला की झाड अंगभर फुलतं. मधेच पाणी दिलं तर ते नुसता पाला काढतं आणि वर्ष हातचं जातं. विहीर भरलेली असताना तहानलेली झाडं बघत बसायला छाती लागते. मोठी आई रोज संध्याकाळी एक पान चुरगळून बघायची. माझा चेहरा उतरलेला दिसला की म्हणायची, "ते सोसून राहिलं, तू काऊन रडून राहिली? जाय, चहा मांड."

फोनवर ती ओरडूनच बोलायची. माणूस सौंसरला असेल तर जरा कमी आणि नागपूरला असेल तर घसा फाडून. "दूर आहे ना तो," हे तिचं म्हणणं. आम्ही हसायचो. पण त्याच आवाजाने एका मे महिन्यात सगळी वस्ती पाच मिनिटांत घराबाहेर काढली.

पेरणीआधी धुऱ्यावरचं वाळलं गवत पेटवायची आमच्याकडे रीत आहे. ते करावं सकाळी, वारा पडलेला असताना. वस्तीतल्या किसनाला लोधीखेड्याला लग्नाला जायचं होतं, म्हणून त्याने भर दुपारी काडी ओढली. किसना मोठ्या आईकडे कामाला यायचा आणि दोन तुकडे स्वतःचे कसायचा. वावटळ उठली, जळतं गवत उडालं आणि जंगलात सागाच्या पाल्यावर जाऊन पडलं. तो धावत आला तेव्हा अंगात लग्नासाठी घातलेला नवा सदरा होता. "बाई, जंगल पेटलं! माह्याच धुऱ्याची आग आहे!"

मोठी आई ओट्यावर चढली आणि नागपूरला फोन लावल्यासारखी वस्तीकडे तोंड करून ओरडली. मग किसनाला म्हणाली, "रडू नको. फांद्या तोड."

माणसं पळसाच्या ओल्या फांद्या घेऊन जंगलातल्या पायवाटेवर गेली. ती वाट चांगली रुंद, आग तिथेच अडेल असं सगळ्यांना वाटलं होतं. पण आग वाट ओलांडून आली. बांबू फुटल्याचे आवाज अंगणात ऐकू येत होते. जंगलखात्याचा नाकेदार आपली माणसं घेऊन वरच्या अंगाला झुंजत होता. सौंसरहून दमकल, म्हणजे आग विझवायची गाडी, निघाल्याचा फोन होता, पण तिला यायला वेळ होता आणि वारा सरळ आमच्याकडे वळला होता. बगिच्यात गुडघाभर वाळलं गवत आणि गळालेला पाला. त्याने पेट घेतला असता तर पलीकडे घराघरापुढे चुलीसाठी रचलेली पऱ्हाटी, कपाशीची वाळली झाडं, होती. मग वस्तीचं काही खरं नव्हतं.

लाइट होती, विहीर भरलेली होती. मोठ्या आईने मोटर सुरू केली आणि फावडं घेऊन जंगलाकडच्या ओळींचा पाट स्वतः फोडला. तिचा मुलगा, माझा दादा, म्हणाला, "आई, दोन ओळी भिजव. बाकीचा ताण तोडू नको." तीही आधी तेवढंच भिजवत होती. मी तिचे हात पाहत होते. पाणी तिसऱ्या ओळीकडे जाऊ लागलं की ती माती ओढून अडवत होती. तेवढ्यात एक जळती काटकी उडत आली आणि बगिच्याच्या मधोमध पडली. दादाने धावत जाऊन ती तुडवली. मोठ्या आईने वस्तीकडे पाहिलं, झाडांकडे पाहिलं आणि ओरडली, "सोड! सगळ्या बगिच्यात सोड!"

"आई, साल जाईन!"

"जाऊ दे. पाहत काय राहिला?"

पाणी पसरत गेलं तशी भेगाळलेली जमीन चर्र चर्र वाजत पीत गेली. जंगलाकडच्या दोन ओळी भिजूनही जळाल्या. आग तिसऱ्या ओळीशी आली, धुमसली आणि विझली. वस्तीतलं एकही घर जळलं नाही. माझ्या मोठ्या आईने केलं हे, असं मी तेव्हापासून ज्याला त्याला सांगत आले आहे.

आग कोणाची, ते किसनाने स्वतःच नाकेदाराला सांगितलं. मोठ्या आईने त्याची बाजू घेतली नाही. "भर उनात धुरा पेटवतं का रे? डोक्स आहे का खोकं?" असं सर्वांसमोर झोडपलं आणि तिथेच नवा नियम लावला. यापुढे सगळ्यांचे धुरे एकाच दिवशी, उजाडताच, पाण्याचा ड्रम सोबत ठेवून आणि तिच्या डोळ्यांसमोर.

पाऊस आला. आजूबाजूचे बगिचे फुलांनी पांढरे झाले, वास घरात येऊ लागला. मोठ्या आईच्या झाडांवर नुसता हिरवागार पाला. ती ओट्यावर बसली होती. मी विचारलं, "वाईट वाटतं का गं?" ती म्हणाली, "वाटते ना. मी काय दगड आहो?" आणि पदर तोंडाला लावून रडली. थोड्या वेळाने उठून चुलीकडे गेली. त्या दिवशी ती मला जितकी मोठी वाटली तितकी कधीच वाटली नव्हती.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. या मे महिन्यात धुऱ्यांच्या दिवशी मी मुद्दाम गेले. उजाडताच सगळे आपापल्या धुऱ्यावर उभे होते. किसना पाण्याचा ड्रम बैलगाडीत घालून एकेकापाशी थांबत होता, विझलेली राख पायाने चाचपून पुढे जात होता. त्याचा स्वतःचा धुरा मात्र विळ्याने कापून साफ केलेला दिसला.

"तू पेटवत नाहीस?" मी विचारलं.

"बाई म्हणत, पेटव ना बावा, सकाळी पेटवाले मनाई नाही. शिव्याही देत." त्याने बैलांचा कासरा ओढला. "पण त्या साली बाईच्या झाडाले एक फूल नव्हतं, ताई. माह्या हातानं काडी नाही ओढवत."