इथवरच पाहिलेला नाच

महाडच्या कोर्टातला पट्टेवाला पक्षकारांची नावं पुकारायचा तेव्हा कौलांवरची कबुतरं उडायची. पण मधल्या सुट्टीत मी, तिथलाच एक कारकून, नुसतं "मुंबई" म्हटलं की गडी एकदम मऊ व्हायचा. तरुणपणी तो मुंबईत एका सिनेमाच्या थेटरात डोअरकीपर होता. एका मुक्या इंग्रजी चित्रपटातला नाच त्याने भिंतीला टेकून रोज पाहिला होता.

"मड्डम अशी गुडघे जुळवून पाय फेकायची, भाऊसाहेब! आता बोलपट आले, नुसती बडबड हाय. तसा नाच नाय," म्हणत तो ओसरीवर नाचून दाखवायचा. चेहरा मात्र साक्षीदाराला शपथ देताना असायचा तसाच गंभीर. नेमक्या एका जागी उजवा पाय हवेत धरून थांबायचा.

"पुढं?"

"पुढचं नाय ठाऊक. तिथं खेळ सुटायला यायचा, मला दार उघडाया जावं लागायचं."

एकदा पाय असा हवेत असतानाच जज्जसाहेब बाहेर आले. मला वाटलं, गेली याची नोकरी. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं, झगा सावरला, एक गिरकी घेतली, टाच आपटली आणि "पुढचं असं आहे," म्हणून आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "आज सबंध नाच होऊ दे!" तो नाचला आणि त्याच जागी थांबला.

"अरे, साहेबांनी दाखवलं की!"

"ते साहेबांनी बघितलेलं," हवेतला पाय न हलवता तो म्हणाला. "मी बघितलेलं इथवरच हाय."