आहेराची वही

भाचीचं उद्या लग्न म्हणून कपाटातून आहेराची जुनी वही काढली. पहिल्या पानावरच्या हळदीचा वास अजून गेलेला नाही. त्या वासासरशी आदिलाबादच्या आयकर कार्यालयातली ती दुपार आठवली.

माझ्या लग्नात आई मांडवाच्या दाराशी बसून प्रत्येकाचं नाव, गाव, रक्कम या वहीत लिहीत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पुढे आहेराचे पैसे मी बँकेत भरले, आणि नोटीस आली: ही रोकड आली कुठून?

आई ही वही घेऊन माझ्यासोबत आली. आयकरच्या साहेबांनी ती दोन बोटांनी ढकलली. "ये घर की कॉपी है अम्मा. ऐसा तो कोई भी लिख लेता."

आई उभीच राहिली. "कोनी नाई, मी लिवलं. कोनतंबी नाव काढा अन् लावा फोन."

त्यांनी भीमपूरचं एक नाव निवडलं. नंबर आईला तोंडपाठ होता. पलीकडून आवाज आला, "थांबा, आमची वही पाह्यतो... पाचशे एक. काऊन, त्यायनं लिवले नाई का?"

साहेबांनी वही स्वतःकडे ओढली. मग म्हणाले, "कॉपी इधर छोड़ दो."

"झेरॉक्स घ्या. वही नाई भेटनार. याच्यातल्या साऱ्यायचा आहेर मले फेडाचा हाय."

तेव्हा मी भीतीनं तिचा पदर ओढत होते. उद्या मांडवाच्या दाराशी नवी वही घेऊन मी बसणार आहे. भाची लाजली तर खुशाल लाजू दे.